जॅक उचलतो, घोडी धरते

पुण्यात गाडी घेणं सोपं, सांभाळणं महाकठीण. सर्व्हिस सेंटरचं बिल हातात पडलं की पगाराच्या एसएमएसचा आनंद जागच्या जागी विरतो म्हणतात. मी तर फ्रीलान्सर, माझ्याकडे पगाराचा एसएमएसही येत नाही! त्यामुळे गेल्या वर्षी ठरवूनच टाकलं, छोटी-मोठी कामं आपली आपण करायची. चार-पाच व्हिडिओ बघितले, पान्यांचा सेट घेतला, ब्रेक पॅड ऑनलाइन मागवले. आता फक्त जागा हवी होती. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये नुसतं बॉनेट उघडलं तरी सेक्रेटरी खाली येतात.

म्हणून ब्रेक पॅड डिकीत टाकले आणि दिवाळीनंतर आईला घेऊन मामांकडे निघाले. मामा राहतात पुरुषोत्तमनगरला. नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ. पुण्याहून चारशे किलोमीटरहून जास्त. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं हे गाव. सीझन सुरू झाला की हवेत मळीचा वास आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मामांचं आख्खं आयुष्य फिटर म्हणून गेलं, आता रिटायर झालेत. घरापुढे प्रशस्त अंगण. माझ्यासाठी तर फाइव्ह स्टार गॅरेजच!

सकाळी साडेआठ, अंगणात

मामी सडा टाकून आत गेल्या. मी गाडी आणून उभी केली, हँडब्रेक ओढला, डिकीतला जॅक काढला. पुढचं डावं चाक उचललं, काढलं आणि बाजूला ठेवलं. एकदम कॉन्फिडन्ट! चाकाच्या जागेत हात घालून बोल्ट शोधत होते, तेवढ्यात मामा चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"काय करी ऱ्हायनी वं माय?"

"ब्रेक पॅड बदलतेय मामा. सोपं असतं."

मामा काही बोलले नाहीत. कप ओट्यावर ठेवला, मी काढलेलं चाक पायाने सरकवत आणलं आणि दरवाजाखालच्या कडेखाली आडवं ढकलून दिलं. मला जरा रागच आला. "अहो मामा, रिम घासेल ना!"

"घासू दे. तू आधी हात बाहेर काढ, चहा घे."

मी उठले. कप उचलला. दोन घोट घेतले असतील नसतील, जॅक तिरका झाला आणि ऑल्टो धप्पकन खाली आली. सरळ त्या आडव्या चाकावर. सातशे किलोच्या आसपासची गाडी. माझा हात मिनिटभरापूर्वी जिथे होता, तिथे चाक नसतं तर गाडी थेट जमिनीला टेकली असती.

मामा एवढंच म्हणाले, "चहा थंड होतोय." माझ्या हातातला कप मात्र थरथरत होता.

चुकलं कुठे?

चहा संपल्यावर मामांनी क्लास घेतला. पहिला धडा जमिनीचा. तापीकाठची काळी माती कोरडी असते तेव्हा दगडासारखी वाटते, पण पाणी लागलं की लोणी. वरून मामींचा सडा. आपल्या डिकीतल्या कात्री जॅकचा तळ जेमतेम तळहाताएवढा. सगळं वजन तेवढ्याशा जागेवर येतं. एक बाजू रुतली की जॅक कलतो, आणि एकदा कलला की थांबत नाही. डांबरावर बरं, असं वाटत असेल तर तेही नाही. उन्हाळ्यात तापलेलं डांबर मऊ होतं, त्यातही जॅक रुततो. बेस्ट म्हणजे सपाट काँक्रीट. तेही नसेल तर जॅकखाली जाड, रुंद लाकडी फळी हवीच.

दुसरा धडा हँडब्रेकचा. हा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. बहुतेक गाड्यांमध्ये हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. म्हणजे गाडीची मागची बाजू उचलली की हँडब्रेक हवेत! मग गियर टाकून ठेवला तर? ऑल्टोसारख्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. त्यातलं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते हवेत मोकळं फिरतं आणि जमिनीवरच्या चाकाला गियर धरून ठेवत नाही. म्हणून हँडब्रेक आणि गियर दोन्ही लावायचे, पण भरवसा ठेवायचा तो जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लावलेल्या दगडांवर किंवा लाकडी पाचरींवर. ट्रॉलीवाले उतरल्यावर पहिलं काम दगड लावायचं का करतात, ते मला तेव्हा कळलं.

तिसरा धडा सगळ्यात महत्त्वाचा. मामा म्हणाले, "जॅक उचलायचं काम करतो. धरायचं काम त्याचं नाही."

गाडीसोबत मिळणारा जॅक हा रस्त्यात पंक्चर झालं तर स्टेपनी बदलण्यापुरता असतो. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, गाडी नुसती जॅकवर असताना खाली जाऊ नका. (मॅन्युअल आपण वाचतो का? प्रामाणिकपणे सांगा!) तेलावर चालणारा बाटली जॅक किंवा गॅरेजमधला ट्रॉली जॅक ताकदीने मोठा, पण त्याचं सगळं ओझं आत दाबलेल्या तेलावर असतं. सील गळायला लागलं की गाडी हळूहळू किंवा एकदम खाली बसते. ट्रॉली जॅकची आणखी एक गंमत. त्याचा हात वर जाताना सरळ जात नाही, कमानीत जातो. त्यामुळे जॅकला चाकांवर थोडं सरकावं लागतं. मातीत तो सरकत नाही, मग वरचं टोक गाडीवरून निसटतं.

धरायला लागते ती घोडी. इंग्रजीत जॅक स्टँड म्हणतात, पण गॅरेजमधल्या कुणालाही 'घोडी' म्हटलं की कळतं. खाली पसरलेले चार पाय, वर खाच, उंचीसाठी पिन किंवा दाते. जोडीने मिळते. आपल्या गाडीला पुरून उरेल एवढ्या टनांची घ्यायची आणि लेबलवरचा आकडा एका घोडीचा आहे की जोडीचा, ते वाचून घ्यायचं.

"आणि विटा?" मी विचारलं. आमच्या गल्लीत सगळे विटाच लावतात.

मामा अंगणाच्या कडेला गेले, एक वीट आणली आणि हातोडीने हलकेच मारली. दोन तुकडे. "लाकूड तुटण्याआधी करकरतं. वीट काही सांगत नाही." सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच.

घोडीवरही आंधळा विश्वास नको

घोडी आणली म्हणजे टेन्शन संपलं, असंही नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने पिट्सबर्ग ब्रँडचे लाखो स्टँड परत मागवले. त्यांच्या काही स्टँडमधले दाते नीट अडकत नव्हते आणि ओझं असताना स्टँड अचानक खाली बसण्याचा धोका होता. बदली दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला, तेही त्याच वर्षी परत मागवावे लागले. म्हणून गाडी घोडीवर उतरवली की आधी बाहेर उभं राहून हलवून बघायची. डुगडुगली तर पुन्हा उचला, पुन्हा नीट बसवा. जॅक काढून टाकायचा नाही, हलका टेकवून ठेवायचा. आणि काढलेलं चाक कडेखाली आडवं सारायचं. पहिलं हुकलं तर दुसरं, दुसरं हुकलं तर तिसरं.

"हे चाकाचं तुम्हाला कुणी शिकवलं?" मी सहज विचारलं.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यांचा एक दोस्त होता, ट्रॉलीवरचा ड्रायव्हर. सीझनची रात्र, रस्त्याची कड, उसाने भरलेली ट्रॉली पंक्चर. खेप उशिरा पोचेल म्हणून घाई. जॅक लावला आणि खाली शिरला. "त्याला बाहेर काढायलाही जॅकच लागला," मामा म्हणाले. "चाक बाजूलाच पडलेलं होतं. खाली सारायला किती वेळ लागतो?"

मी मोजलं नव्हतं. पण सकाळी मामांनी ते पायाने ढकललं, तेव्हा फार तर पाच सेकंद लागले होते.

दुपारी आम्ही गाडी शेजारच्या काँक्रीटच्या ओट्यावर नेली. मामांच्या जुन्या घोड्या बाहेर निघाल्या, दगड लागले, फळी लागली. पॅड बदलायला पाऊण तास लागला. त्यातली वीस मिनिटं गाडी उचलण्यात आणि बसवण्यात गेली. व्हिडिओत हा भाग फास्ट फॉरवर्ड केलेला असतो.

पुण्यात परतल्यावर हवा भरताना तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, रिमवर मोठा ओरखडा आहे. व्हीलकॅप लावून देऊ? दिसणार नाही."

म्हटलं, नको. दिसू दे.

गाडी उचलण्याआधी

• जागा सपाट आणि टणक. जॅकखाली जाड फळी.

• हँडब्रेक, गियर आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा पाचर.

• चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. गाडी वर असताना पान्याला झटके द्यायचे नाहीत.

• जॅक आणि घोडी मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. दरवाजाखालच्या कडेला खाचा असतात, त्या ओळखून ठेवा. पातळ पत्र्याखाली काहीही लावू नका.

• दोन्ही घोड्या सारख्या उंचीवर, पिन पूर्ण आत. गाडी सावकाश उतरवा, हलवून बघा, मगच हात घाला.

• गाडी वर असताना आत कुणी बसायचं नाही, इंजिन सुरू करायचं नाही. लहान मुलं लांब.

• एकट्याने करू नका. हाक ऐकायला कुणीतरी हवं. चहा घेऊन आलं तर उत्तमच!