भूमि-अंतर, मोटारगाडीचे

सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या मोटारगाडीच्या तळाचा सर्वांत खालचा भाग व जमीन यांमधील उभे अंतर. चाके व चाकांना अगदी लागून असलेले भाग यात धरीत नाहीत. व्यवहारात यास ‘ग्राउंड क्लिअरन्स’ असेच म्हणतात. साध्या प्रवासी मोटारीत हे अंतर सु. १६० ते १८० मिमी. असते, खडतर जमिनीवर चालविण्यासाठी बांधलेल्या गाड्यांत ते २०० मिमी. किंवा त्याहून अधिक ठेवतात. नाशिक येथे तयार होणाऱ्या महिंद्र थार या गाडीच्या २०२० साली बाजारात आलेल्या नव्या रूपात ते २२६ मिमी. आहे. माणसे व सामान भरले की स्प्रिंगा दबतात व अंतर घटते. म्हणून ते रिकाम्या गाडीचे की भरलेल्या गाडीचे, हे सांगितल्यावाचून आकड्याला अर्थ नसतो. हा वाद केवळ तांत्रिक नाही. मोठ्या उपयुक्तता वाहनांवरील जादा करासाठी एंजिनाचे आकारमान व गाडीची लांबी यांच्या जोडीने १७० मिमी. भूमि-अंतर ही कसोटी धरण्यात आली, तेव्हा ते रिकाम्या गाडीचे मोजावे असा खुलासा वस्तू व सेवा कर परिषदेला जुलै २०२३ मध्ये करावा लागला.

या अंतराची गरज कोठे पडते हे पाहावयाचे तर धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट व आसपासच्या गावांच्या पाणंद रस्त्यांचे उदाहरण घेता येईल. बालाघाटाच्या पठारावरील ही जमीन बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे. माळावर उघडा खडक व मुरूम, तर सखल भागात काळी माती असते. पाण्याने फुगणारी ही माती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी कठीण बनते. ओल्या पाणंदीतून बैलगाड्या व ट्रॅक्टर गेले म्हणजे दोन खोल चाकोऱ्या पडतात व मधे वरंबा उभा राहतो. पुढे तो वाळतो. नंतर येणाऱ्या जीपची चाके चाकोरीत उतरतात आणि तळ वरंब्यावर घासतो. वरंब्यावर तळ पूर्ण टेकला, की चाकांवरील भार जाऊन ती जागच्या जागी फिरतात. चारही चाकांना शक्ती पुरविणारी गाडीही मग तेथून हलत नाही.

अंतर वाढविण्याचा विचार करताना सर्वांत खालचा भाग कोणता हे प्रथम ओळखले पाहिजे. बहुसंख्य प्रयत्न फसतात ते येथेच. जुन्या जीपमध्ये पुढे व मागे सलग ॲक्सल असतात आणि त्यांवरील डिफरन्शियलची फुगीर पेटी हा सर्वांत खालचा भाग असतो. ॲक्सल दोन्ही टोकांना चाकांवर टेकलेला असल्यामुळे त्याची उंची केवळ चाकाच्या त्रिज्येने ठरते. स्प्रिंगा कितीही उंच केल्या, तरी ॲक्सल जागचा हलत नाही. वर जाते ती चौकट व तिच्यावरील गाडी. मोठ्या चाकांसाठी जागा होते, चौकटीखालचे भाग वर जातात आणि दोन ॲक्सलांमधला उंचवटा ओलांडण्याची शक्ती वाढते. हे लाभ खरे आहेत, पण चाकोरीतील वरंबा डिफरन्शियलला पूर्वीइतकाच लागतो.

ज्या गाड्यांत पुढचे निलंबन, म्हणजे सस्पेन्शन, स्वतंत्र असते, तेथे डिफरन्शियल चौकटीला बांधलेले असते. तेथे स्प्रिंग उंचावल्याने ते खरोखर वर जाते. मात्र त्यापासून चाकांकडे जाणारे दांडे अधिक तिरपे होऊन त्यांचे सांधे लवकर झिजतात. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या थारमध्ये पुढील बाजूस पीळ घेणारे दांडे स्प्रिंगेचे काम करीत. असे दांडे बोल्टने अधिक पिळून गाडी पुढून उंच करता येते. हा उपाय स्वस्त व म्हणून लोकप्रिय आहे. चाकाची एकूण हालचाल मात्र त्याने वाढत नाही; चाकाला खाली जाण्यास उरलेली जागा तेवढी खर्ची पडते आणि खड्ड्यात चाक लोंबकळून धक्का बसू लागतो.

सलग ॲक्सल व पाटा स्प्रिंगा ही रचना महाराष्ट्रात अधिक परिचयाची आहे. मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून याच रचनेच्या गाड्या खेडोपाडी फिरल्या. तिची उंची वाढविण्याचे मार्ग अनेक आहेत. ज्यादा पाटा टाकणे हा सर्वांत जुना होय. मराठवाड्यातील ‘काळी-पिवळी’ जीपगाड्यांसारख्या प्रवासी वाहनांत पाटे वाढविले जातात ते उंचीपेक्षा भारासाठी. भार नसताना असा संच ताठर राहतो, चाक खड्ड्याबरोबर खाली उतरत नाही आणि ओबडधोबड जमिनीवर पकड उलट कमी होते. उंचीसाठी केवळ पाटे वाढविण्यापेक्षा अधिक बाक दिलेला नवा संच घालणे बरे. स्प्रिंगेचे टोक चौकटीला जोडणारे शॅकल लांब केल्यास वाढीच्या सु. निम्म्याने त्या बाजूची गाडी उचलली जाते. यात ॲक्सल किंचित फिरतो. पुढच्या ॲक्सलचे शॅकल पुढच्या टोकाला असेल, तर सुकाणूच्या खिळीचा मागे झुकलेला कोन कमी होतो. चाक आपोआप सरळ ठेवणारा कोन हाच असल्याने गाडी वेगात भरकटू लागते. ॲक्सल व पाटे यांमध्ये ठोकळा बसविण्याची युक्ती फक्त मागील बाजूस, तीही एकच घन ठोकळा व पुरेसे लांब यू-बोल्ट वापरून करावी. ठोकळ्यावर ठोकळा रचणे धोक्याचे आहे.

विलीस जीपमध्ये स्प्रिंगा ॲक्सलच्या खालून जातात. त्या वर घेऊन बसविल्यास चौकट १०० मिमी.हून अधिक वर जाते आणि ॲक्सलखाली लोंबणाऱ्या यू-बोल्टच्या पट्ट्याही नाहीशा होतात. येथे बैठका नव्याने व योग्य कोनात जोडाव्या लागतात. अन्यथा प्रोपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल सांधे वाकड्या कोनात फिरून कंप पावतात. शक्ती लावताना पाटे इंग्रजी ‘एस’सारखे वळण्याचा दोषही या रचनेत वाढतो. ॲक्सल चाकाच्या मध्याहून वर ठेवून चाकाशी दंतचक्रे बसविणे हा मुळातला उपाय होय. जर्मन उनिमोग गाड्यांत तो प्रथमपासून आहे. परंतु तो कारखान्याचा विषय आहे, गॅरेजचा नव्हे.

मोठे टायर हा ॲक्सल वर नेण्याचा सोपा मार्ग आहे. व्यासातील वाढीच्या निम्मे अंतर त्याने मिळते. २१५/७५ आर १५ या टायराचा व्यास सु. ७०३ मिमी. आणि २३५/७५ आर १५ चा सु. ७३३ मिमी. भरतो, म्हणजे लाभ १५ मिमी.चा. त्याच वेळी वेगदर्शक सु. ४ टक्के कमी वेग दाखवू लागतो, चढावर ओढ घटते आणि चाक पूर्ण वळविले असता ते चौकटीला घासत नाही ना, हे पाहावे लागते.

उंचीची खरी किंमत स्थैर्यात मोजली जाते. चाकांमधील रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता येणारी संख्या जितकी मोठी, तितकी गाडी उलटण्यास कठीण. रुंदी १,५०० मिमी. व गुरुत्वमध्य ७०० मिमी. उंचीवर असेल, तर ही संख्या १·०७ येते. चौकट ५० मिमी. उचलली आणि गाडीचे चार-पंचमांश वजन तिच्याबरोबर वर गेले, तर गुरुत्वमध्य ४० मिमी.ने चढून ती १·०१ होते, १०० मिमी. उचलल्यास ०·९६. हे आकडे ताठर ठोकळ्याचे आहेत. प्रत्यक्षात वळणावर टायर व स्प्रिंगा दबून गाडी कलते आणि टपावर सामान असले तर मर्यादा आणखी अलीकडे येते. पाणंदीत १५ किमी. वेगाने निर्धोक असणारी गाडी घाटाच्या वळणावर तशी राहील असे नाही.

यासाठी स्प्रिंगांबरोबर धक्काशोषक तेवढेच लांब घ्यावे लागतात. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हे चाक पूर्ण लोंबकळत ठेवून तपासतात. काही गाड्यांत मागील ब्रेकचा दाब चौकट व ॲक्सल यांमधील अंतरावरून ठरविणारी झडप असते. गाडी उचलली की ती झडप ‘गाडी रिकामी आहे’ असे समजते व मागचे ब्रेक कमी लागतात. हा दोष दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक. समोरचे दिवेही नव्याने लावून घ्यावे लागतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून ढळतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ काटेकोर ठेवला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रु. दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरविली. त्यामुळे निलंबनात बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे आवश्यक आहे.

बदल न करताही काही गोष्टी साधतात. डिफरन्शियल व तेलाच्या टाकीखाली पोलादी पत्रा बसविल्यास घासणे टळत नाही, पण फुटणे टळते. खोल चाकोरी लागली, तर सराईत चालक तीत उतरत नाही. एका बाजूची चाके मधल्या वरंब्यावर व दुसऱ्या बाजूची पाणंदीच्या कडेवर ठेवून तो गाडी काढतो. वरंबा ओला व निसरडा असेल तेव्हा मात्र हे जमत नाही, आणि काळ्या मातीत पहिल्या मोठ्या पावसानंतर तो बहुधा तसाच असतो.