सॉफ्टनरची कनेक्शन पाइप : चकाकी नको, आतलं भोक बघा

माण-खटाव असो की जत-आटपाडी, बेसॉल्ट खडकातल्या बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. म्हणून घरोघरी सॉफ्टनर बसतात, पण जोडणीला बेसिनखालची अर्ध्या इंची कनेक्शन पाइप लावली जाते. घोळ तिथेच होतो. आपल्याकडे पाणी सहसा गच्चीवरच्या टाकीतून येतं आणि 10 मीटर उंचीला दाब जेमतेम 1 बार मिळतो. अशा वेळी पाइप फुटण्यापेक्षा प्रवाह अडण्याची भीती जास्त. आतला व्यास 20 ऐवजी 8 मिलिमीटर झाला, तर पाण्याची वाट साधारण सहापट अरुंद होते. मग नळाची धार बारीक होते आणि सॉफ्टनरमधलं रेझिन उलट धुण्यालाही पुरेसा जोर मिळत नाही.

कुणी म्हणेल, मग सरळ सीपीव्हीसीच लावा. पण ताठ पाइपचा ताण व्हॉल्व्हच्या प्लास्टिक आट्यांवर येतो आणि दुरुस्तीला जोडणी कापावी लागते. कनेक्शन पाइपवरची स्टीलची जाळी गंजत नाही, हेही अर्धसत्य आहे. सॉफ्टनरच्या मिठाच्या टाकीतलं खारं पाणी सांडत राहिलं, तर 304 स्टीललाही खड्डे पडतात. जाळी हवीच, विशेषतः प्रेशर पंप असेल तर. पण ती कोरडी ठेवा. दुकानात आधी आतला व्यास मोजा, पितळी नट घ्या, किंमत शेवटी विचारा.