निशातगंज ते सिअ‍ॅटल : एकट्यानं डबी शोधायला निघताना

लखनौतल्या आमच्या निशातगंजात पत्ता सांगायचा म्हणजे गल्लीचा नंबर सांगायचा आणि जवळच्या एखाद्या दुकानाचं नाव. पुढे माणूस विचारत विचारत पोचतो. जिओकॅशिंग या खेळात विचारायची सोय नाही. अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात, सोबत एखाद्या ओळीचा सुगावा, आणि त्या जागी कुणीतरी लपवलेली डबी असते. ती शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची, डबी होती तशी परत ठेवायची आणि नंतर अ‍ॅपवर नोंद करायची.

मुलगा-सून किंवा लेक-जावई सिअ‍ॅटलकडे नोकरीला आहेत, आपण सहा महिने त्यांच्याकडे जाणार, आणि दुसऱ्याच आठवड्यात घरात बसून कंटाळा येणार, अशी मराठी घरं पुण्या-मुंबईत आहेत तशी लखनौतही आहेत. त्यातल्या ज्यांना गाडी चालवता येते त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सिअ‍ॅटलचं नाव उगाच घेतलं नाही. हा खेळ जन्मला शेजारच्या ऑरेगन राज्यात आणि वाढला तो सिअ‍ॅटलच्याच परिसरात.

1 मे 2000 पर्यंत अमेरिकी लष्कर जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रावरची जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ती भेसळ त्या रात्री बंद झाली. लगेच 3 मे रोजी डेव्ह उल्मर या माणसानं ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ रस्त्याकडेच्या झाडीत एक काळी बादली अर्धवट पुरली. तिच्यात पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल आणि बीन्सचा एक डबा ठेवला आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांत ती दोनदा सापडली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी सिअ‍ॅटल परिसरातून या डब्यांची यादी ठेवणारं संकेतस्थळ सुरू केलं. आज जगभर तीस लाखांहून जास्त डब्या आहेत. जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय मात्र आता पुरता येत नाही. डबी लपवायची, जमीन खणायची नाही.

आता आकड्यांकडे वळू, कारण सगळी गंमत तिथे आहे. या खेळात अंश आणि दशांशातली मिनिटं वापरतात. निशातगंज साधारण उत्तर 26° 52 मिनिटं आणि पूर्व 80° 57 मिनिटांच्या आसपास येतं. मिनिटांनंतर तीन दशांश स्थळं देतात. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे 1,850 मीटर, म्हणजे तिसऱ्या स्थळावरचा एक आकडा बदलला की आपण पावणेदोन-दोन मीटर सरकलो. रेखांशाचं तसं नाही. ते ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून तोच एक आकडा लखनौत सुमारे 1.65 मीटरचा आणि सिअ‍ॅटलला सव्वा मीटरचा. दुसरी गोष्ट, आपल्याकडे रेखांश पूर्व असतो, तिथे पश्चिम. आकडे हातानं भरताना हे विसरलं तर अ‍ॅपवरचा दिशादर्शक बाण तुम्हाला समुद्रापार पाठवेल.

आकडे इतके बारीक असले तरी फोन तितका बारीक नसतो. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत. त्यातल्या किमान चारांचे संकेत किती वेळात आले यावरून फोन आपली जागा काढतो. वेळेत एका सेकंदाचा अब्जावा भाग चुकला तर अंतर 30 सेंटीमीटरनं चुकतं. मोकळ्या मैदानात तीन ते पाच मीटरची अचूकता सहज मिळते. निशातगंजच्या आतल्या गल्लीत उभं राहून पाहा, निळा ठिपका शेजारच्या घरात जाऊन बसतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून आलेला संकेत लांबचा रस्ता घेऊन येतो आणि फोन फसतो. बादशाहनगरच्या मेट्रो पुलाखालीही तेच. अमेरिकेतल्या उंच झाडांच्या जंगलात अगदी हाच त्रास होतो, म्हणून इथली गल्ली ही सरावाला उत्तम जागा आहे.

सराव असा करावा. घरातल्या पोराला सांगायचं की, गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात एक डबी लपव आणि फक्त आकडे दे. मग वीस मीटरवर आल्यावर फोनकडे बघणं थांबवायचं. बहुतेक नवखे इथेच चुकतात. बाण फिरेल तसे गोल गोल फिरत राहतात. त्याऐवजी दोन वेगळ्या दिशांनी त्या बिंदूकडे चालत जायचं, दोन्ही वेळा फोन जिथे ‘शून्य’ म्हणतो ती जागा लक्षात ठेवायची आणि मधल्या पट्ट्यात शोधायचं. फोन खिशात टाकायचा आणि लपवणाऱ्याच्या डोक्यानं विचार करायचा: मला इथे काही लपवायचं असतं तर हात कुठे गेला असता? कुंपणाच्या पोकळ खांबाचं टोपण, बाकाच्या खालची बाजू, नको तितकी नीट रचलेली काटक्यांची मोळी. अमेरिकेतल्या दुकानांच्या पार्किंगमध्ये दिव्याच्या खांबाच्या बुडाशी पत्र्याचं आवरण असतं, ते वर सरकतं. त्याखाली इतक्या डब्या असतात की जुने खेळाडू त्याला नाकं मुरडतात. काही डब्या जेवणाच्या डब्याएवढ्या, काही शर्टाच्या बटणाएवढ्या, लोहचुंबकावर चिकटवलेल्या. आतला कागद गुंडाळलेला असतो आणि पेन बहुधा नसतं. ते आपण न्यायचं.

सगळ्या डब्या सरळ आकड्यांवर नसतात. काहींत एका जागेवरून पुढच्या जागेचे आकडे काढावे लागतात. समजा, मीच निशातगंजच्या पुलावरून सुरू होणारं असं एक कोडं रचलं. पुलावरचा सुगावा असा: ‘मराठी पंडितानं लखनौत उभ्या केलेल्या संगीत विद्यालयाचं स्थापना वर्ष कखगघ.’ विष्णु नारायण भातखंडे यांचं कॉलेज 1926 चं, तेव्हाचं मॅरिस कॉलेज. म्हणून क 1, ख 9, ग 2, घ 6. मग पुढची जागा उत्तर 26° 5क.ग08 आणि पूर्व 80° 5घ.क19 अशी दिली, तर आकडे भरल्यावर 26° 51.208 आणि 80° 56.119 मिळतात आणि तुम्ही कैसरबागेत, त्या विद्यालयाच्या परिसरात पोचता. ख वापरलाच नाही, तो चकवा. परक्या गावातली अशी कोडी सोडवायला तिथल्या पाट्या वाचाव्या लागतात, गावाचा इतिहास चाळावा लागतो. मला विचाराल तर खेळातला सर्वांत चांगला भाग हाच.

पण हे कोडं मी खरोखर मांडणार नाही, निदान डबी ठेवून नाही. आपल्याकडे प्रत्येक स्टेशनावर ‘लावारिस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा ऐकत आपण वाढलो. पुलाच्या कठड्याखाली चिकटवलेली डबी कुणाला दिसली तर पोलीस येणार आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. इंग्लंडमध्ये वेदरबी गावात 2011 साली बॉम्बशोधक पथकानं अशीच एक निरुपद्रवी डबी स्फोटानं उडवली होती. निशातगंजसारख्या वस्तीला शोभतो तो डबी नसलेला प्रकार: जागेवर जायचं, तिथे गेल्याशिवाय कळणार नाही अशा प्रश्नाचं उत्तर शोधायचं आणि ते पाठवायचं. भूगर्भाशी संबंधित जागांसाठी 2004 पासून असा एक वेगळा वर्गच आहे.

आता प्रवासाचं. निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या. फॉर्म 4 ए, शुल्क 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. अर्ज परिवहनच्या पोर्टलवरून होतो. मूळ परवानाही बरोबर लागतो. तिथे गाडी उजवीकडून चालते, म्हणून पहिले दोन दिवस मुलाला शेजारी बसवा.

सिअ‍ॅटलहून जाण्याजोग्या तीन जागा खेळाडू आवर्जून करतात. पहिली, सिअ‍ॅटलमध्येच, त्या संकेतस्थळाच्या कंपनीचं मुख्यालय. दुसरी, शहराच्या पूर्वेला डोंगरात, स्नोक्वाल्मी खिंडीजवळ. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या सिनेमाच्या जाहिरातीसाठी 2001 मध्ये जगभर काही डब्या लपवल्या होत्या, त्यातली ही एक. 2011 मध्ये ती चोरीला गेली आणि काही वर्षांनी परत मिळाली. तिथे बहुतेक जण जुन्या रेल्वेच्या साडेतीन किलोमीटरहून लांब बोगद्यातून चालत किंवा सायकलनं जातात. आत मिट्ट काळोख आणि भर उन्हाळ्यातही थंडी असते. बॅटरी दोन न्या, स्वेटर न्या. बोगदा हिवाळ्यात बंद असतो आणि गाडी लावायला राज्याचा डिस्कव्हर पास लागतो. तिसरी जागा ऑरेगनमध्ये, उल्मरनं बादली ठेवली तिथे. आता तिथे स्मृतिफलक आहे. सिअ‍ॅटलहून पोर्टलंडपर्यंत सुमारे 280 किलोमीटर, पुढे आणखी थोडं. मुख्यालय आणि बोगदा दोन वेगळ्या दिवशी करा, ऑरेगनला मुक्कामानं जा.

एकट्यानं निघताना डब्या निवडणं हेच सुरक्षिततेचं मुख्य काम. प्रत्येक डबीला दोन गुण दिलेले असतात, शोधायला किती कठीण आणि पोचायला किती कठीण, 1 ते 5. पोचण्याच्या गुणांत 2 च्या वर एकट्यानं जाऊ नये. 5 म्हणजे दोर, होडी किंवा तसलंच काही. मग शेवटच्या नोंदी वाचा. ओळीनं तीन-चार जणांनी ‘सापडली नाही’ लिहिलं असेल तर ती बहुधा जागेवर नाही. मोफत खात्यात सगळ्या डब्या दिसत नाहीत, पण सुरुवातीला तेवढ्या पुरतात. काही रस्त्यांवर दर 161 मीटरवर एक डबी असते, कारण दोन डब्यांत किमान तेवढं अंतर हवं असा नियम आहे. अशा रस्त्यानं दिवसाला शंभर डब्या होतात आणि संध्याकाळी एकही आठवत नाही. दिवसाला चार चांगल्या पुरे.

डोंगरात फोनला रेंज नसते. नकाशे आणि डब्यांची माहिती आधी उतरवून घ्या. कुठल्या डब्या, कुठल्या क्रमानं आणि अंधाराआधी किती वाजता परत, हे घरी लिहून ठेवा. रेंज नाही म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्यायचा मोह होईल. तिथे जरूर वापरा, पण परत येताना ते मुलाकडेच ठेवा. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं यंत्र बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्यावरून विमानतळावर प्रवाशांना अटक झालेली आहे. ऑरेगनच्या झाडीत पॉयझन ओक नावाचं झुडूप असतं. पळसाला पानं तीनच, तशी यालाही तीन, पण याला हात लागला तर आठवडाभर अंग खाजतं. झुडपात हात घालण्याआधी काठी घाला. वाकून शोधताना कुणी हटकलं, पोलीस असला तरी, तर सरळ खरं सांगा आणि फोनवरचं पान दाखवा. तिकडे हा खेळ अनेकांना माहीत आहे.

मोठ्या डब्यांत छोट्या वस्तूंची अदलाबदल चालते. घ्याल त्या तोलाची किंवा बरी वस्तू ठेवायची. लखनौहून चिकनकारीचा छोटा रुमाल नेला तर कुणीतरी खूष होईल. सुपारी, बडीशेप, चकली काहीही नाही, वासानं जनावरं डबी फोडतात.

नोंद मराठीत लिहिली तरी चालते. तारीख मात्र अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस अशी लिहितात, तेव्हा महिना अक्षरांत लिहा, म्हणजे डबीच्या मालकाचा गोंधळ होणार नाही.