लाइव्ह आहे ना? मग ओठ मागे का?

कॉलेज फेस्टमध्ये हे हमखास दिसतं. स्टेजवर मुलगी गातेय, आवाज थेट कानात येतोय, पण तिच्या मागच्या भल्यामोठ्या एलईडी स्क्रीनवर ओठ किंचित उशिरा हलतायत. घरी सिरीज बघताना व्हिडिओ कितीही उशिरा पोचला तरी आपल्याला पत्ता लागत नाही, कारण तुलनेला खरा हिरो समोर उभा नसतो. इथे असतो!

या उशिराला कारणं अनेक. त्यातलं एक मोठं कारण म्हणजे कॉम्प्रेशन.

४के चित्राच्या एका फ्रेममध्ये जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला ५० फ्रेम, व्यावसायिक दर्जाचा १० बिट रंग धरला तर हिशोब सेकंदाला सव्वाआठ गिगाबिटच्या आसपास जातो. कॉलेजच्या लॅबमधली साधी नेटवर्क केबल एका गिगाबिटवर चालते. ओटीटीवाले असलंच ४के चित्र १५-२० मेगाबिटमध्ये बसवतात, मग तेच वापरू की! पण एच.२६४ किंवा एचईव्हीसी हे शेअर रिक्षासारखे. दाबून भरायचं म्हणून ते मागच्यापुढच्या फ्रेम ताडून बघतात, बदललेलं तेवढंच पाठवतात. भरपूर बसतं खरं, पण सीट भरेपर्यंत रिक्षा हलत नाही. घाईचं सेटिंग ठेवून उशीर कमी करता येतो, पण मग तेवढं दाबून बसत नाही.

यावरचा उपाय म्हणजे थोडंच दाबायचं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेलं जेपेग एक्सएस हेच करतं. नावातल्या ‘एक्सएस’चा अर्थ एक्स्ट्रा स्मॉल आणि एक्स्ट्रा स्पीड. ते पुढच्या फ्रेमची वाट बघत नाही, अख्ख्या फ्रेमचीही नाही. चित्राच्या काही ओळी हातात आल्या की आवळून रवाना! एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, तर इथला उशीर एका मिलिसेकंदाच्याही आत. दहास एक या प्रमाणात आवळलं तर ४के सुमारे ८३० मेगाबिटवर येतं, म्हणजे त्याच साध्या केबलमध्ये मावतं. डोळ्यांना फरक सहसा जाणवत नाही. आणि एखादं पाकीट वाटेत हरवलं तर त्या फ्रेमपुरतंच बिघडतं, पुढच्या फ्रेम नीट येतात.

फुकट काहीच नाही म्हणा. ८३० मेगाबिट म्हणजे ओटीटीच्या चाळीसपट डेटा. मोबाईल डेटावर हे विसरा, आणि कॉलेजच्या वायफायवर तर नावही काढू नका.

हात साफ करायला जेपेग एक्सएसची महागडी यंत्रं लागत नाहीत. एनडीआय याच जातकुळीचं, मात्र ते फ्रेमच्या हिशोबाने चालतं. त्याची टूल्स मोफत मिळतात, फुल एचडीला सव्वाशे मेगाबिटच्या आसपास लागतात. दोन लॅपटॉप, एक गिगाबिट स्विच, दोन केबल. पहिल्यावर स्टॉपवॉच लावा, त्याची स्क्रीन दुसऱ्यावर पाठवा आणि दोन्हींचा मिळून एक फोटो काढा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा उशीर. मग दुसरा लॅपटॉप वायफायवर टाकून पुन्हा फोटो काढा.