केराच्या पिशवीतली ओळख

उत्खननात सापडणारी खापरं, हाडं आणि फुटक्या बांगड्या म्हणजे बव्हंशी जुन्या माणसांनी टाकून दिलेला कचराच. त्यावरून पुरातत्त्वज्ञ त्या काळचं खाणंपिणं, ऐपत आणि सवयी ताडतात. हीच पद्धत जिवंत माणसांना लावली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे विल्यम राथ्जे यांनी. १९७३ मध्ये त्यांनी टूसॉन शहरात 'गार्बेज प्रोजेक्ट' सुरू केला. कचरागाडीतून आलेल्या पिशव्या विद्यार्थी उघडत, एकेक वस्तू वेगळी करत, तिचं वजन आणि वेष्टनावरचा मजकूर टिपून ठेवत. घरमालकाचं नाव कुठंच लिहिलं जात नसे, फक्त वस्तीची नोंद असे.

लोकांना घरी जाऊन प्रश्नही विचारले गेले, आणि उत्तरांचा कचऱ्याशी मेळ बसेना. दारू तर लोक सांगत त्यापेक्षा बरीच जास्त पीत होते. गोडधोड आणि चिप्सचे आकडे कमी सांगितले जात, फळांचे वाढवून. याला खोटेपणा म्हणणं अन्यायाचं होईल. आपण कसं असायला हवं याचं एक चित्र माणसाच्या मनात असतं आणि उत्तर देताना तेच पुढं येतं. त्याच १९७३ साली अमेरिकेत गोमांसाची टंचाई होती. तेव्हा ते जपून वापरलं जाईल असं कुणालाही वाटेल; केरात मात्र ते नेहमीपेक्षा जास्त सापडलं. धास्तीनं साठा केला गेला, सवयीचे नसलेले तुकडे घेतले गेले आणि ते वाया गेले.

अर्थात केर सगळंच सांगत नाही. मराठी घरातली रद्दी, बाटल्या, दुधाच्या पिशव्या भंगारवाल्याकडे जातात. डब्यात उरतो तो निम्मा-शिम्मा पुरावा.

तरीही तो कुणाच्या हाती पडतो हे महत्त्वाचं आहे. कॅलिफोर्नियात पोलिसांनी एका संशयिताच्या कचऱ्याच्या पिशव्या वॉरंटशिवाय तपासल्या. रस्त्याकडेला ठेवलेल्या कचऱ्याला खासगीपणाचं संरक्षण नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला. आज कुरिअरच्या खोक्यावर नाव, पत्ता, अनेकदा मोबाइल नंबरही असतो. औषधांच्या चिठ्ठीवरून आजार कळतो. असे कागद केरात टाकण्याआधी बारीक फाडावेत.