सही कुणाकुणाची

"सर, लेकरं धाडतोत आमी. पण शिकवायला किती जण हाईत, ते आदी सांगा."

अध्यक्षांनी बैठक सुरू करायच्या आतच पायरीवर बसलेल्या एका बापाचा प्रश्न येतो. मुखेडहून जांबकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या गावातली ही जिल्हा परिषदेची शाळा. वर्ग पहिली ते चौथी, पट ४१. डिसेंबर २०२१ चा पहिला आठवडा आहे. राज्य सरकारने १ डिसेंबरपासून ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्गही उघडायला परवानगी दिली आहे. पाचवीपासून पुढची मुलं ऑक्टोबरपासून शाळेत जाताहेत, ही लहानगी मात्र मार्च २०२० पासून कोरोनामुळे घरीच आहेत. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने आज पालकांना बोलावलं आहे. व्हरांड्यात सतरंजी अंथरली आहे. बायका भिंतीच्या कडेने, पदर नाकावर ओढून बसल्या आहेत. पुरुष पायऱ्यांवर आणि समोरच्या लिंबाखाली.

हेडमास्तर परिपत्रकातल्या सूचना एकेक करून समजावून सांगतात. मास्क हवा. एका बाकावर एकच मूल. दारात ताप मोजायचा. हात धुवायला साबण-पाणी. शिक्षकांच्या लसीचे दोन्ही डोस झालेले हवेत. मूल आजारी असेल तर घरीच ठेवायचं. आणि शाळेत पाठवायचं तर पालकांचं लेखी संमतीपत्र. वाचून झाल्यावर ते संमतीपत्रांचा गठ्ठा अध्यक्षांपुढे ठेवतात.

भीती नाही असं कुणीच म्हणत नाही. ओमायक्रॉन हे नाव टीव्हीवरून घरोघर पोचलं आहे. "मुंबईवाले थांबलेत मनं अजून," एक आई म्हणते. खरं आहे, मुंबईने आपली तारीख १५ डिसेंबरवर ढकलली आहे. २०२० च्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून परतलेल्या माणसांना याच खोल्यांत वेगळं ठेवलं होतं, तेही बायकांच्या लक्षात आहे. त्या विचारतात, खोल्या धुतल्या का? हेडमास्तर आत नेऊन दाखवतात आणि तो विषय तिथेच मिटतो. त्यानंतर जे जे विचारलं जातं, ते सगळं माणसांबद्दल आहे. मुलापाशी कोण असणार, किती वेळ असणार, मधूनच निघून तर जाणार नाही?

"दोघं आहोत. मी आणि म्याडम," हेडमास्तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात.

"वर्ग चार अन् मास्तर दोन?"

"मंजूर पदं तेवढीच आहेत, दादा. जागा एकही रिकामी नाही."

हेडमास्तरांचं म्हणणं नियमाला धरून आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या हिशेबाने पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. शाळेची शिक्षकपदं ठरवणारी संचमान्यता दरवर्षी होते, तीही पट बघूनच. चार इयत्ता आहेत म्हणून चार शिक्षक, असा हिशेब त्यात नाही. एरवी पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसवून ही दोघं शाळा ओढत होती. आज नियमाने एका बाकावर एकच मूल बसायचं आहे, आणि तिथे तो जुना जम मोडतो.

प्रश्न विचारणारा बाप उठतो. चपला पायरीशी काढून खोलीत जातो आणि बाकांवर हात ठेवत मोजतो. पहिल्या खोलीत १४. मग दुसरी खोली, मग तिसरी, जिच्यात जुने नकाशे आणि तुटकी खुर्ची आहे. तिथेही १४ बाक बसतात. तो बाहेर येतो. "तीन खोल्या, बेचाळीस बाकडे. लेकरं एक्केचाळीस. सगळी रोज बसतेत की!"

"बसतील. पण तिसऱ्या खोलीत उभं कोण राहणार?" हेडमास्तर विचारतात. दोनच शिक्षक असतील तर दोनच खोल्या चालतील आणि मुलं एक दिवसाआड येतील. वीस महिने घरी राहिलेल्या मुलांना निम्मीच शाळा मिळणार, ती केवळ तिसरा माणूस नाही म्हणून. खोली आहे, बाक आहेत, मुलं तर दारात उभी आहेत. डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्ये युरोपात सर्वांत आधी लहान मुलांच्या शाळा उघडल्या, त्याही वर्गांचे छोटे गट करून. वर्ग फोडला की माणसं वाढवावी लागतात, हे कोपनहेगनला लागू आहे तसं मुखेड तालुक्यालाही आहे. आपल्याकडे वर्ग फोडायची सूचना आली, वाढीव माणसांची आली नाही.

आत म्याडमनी दुसरीच्या मुलांना बसवलं आहे. दुसरीची म्हणजे कधीच शाळेत न बसलेली, कारण त्यांची पहिली मोबाइलवर गेली, आणि ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता त्यांची तीही नाही. म्याडम हजेरी घेतात. एका मुलीचं नाव दोनदा पुकारलं जातं. ती नुसती बघत राहते. दाराशी उभी असलेली तिची आजीच म्हणते, "हाय, हाय, ही काय बसली." म्याडम मुलीच्या बाकाजवळ येऊन उकिडव्या बसतात. "मी नाव घेतलं की म्हणायचं, हजर. म्हण बरं." मुलगी त्यांच्या ओठांकडे बघते, पण ओठ मास्कमागे आहेत. म्याडम पुन्हा म्हणतात, सावकाश, अक्षर तोडून. मुलीच्या तोंडून "हज" एवढं निघतं, तोच शेजारच्या खोलीत बाक पडल्याचा आवाज होतो. तिसरी-चौथीपाशी कुणी नाही, कारण हेडमास्तर बैठकीत आहेत. म्याडम उठून तिकडे धावतात. "हजर" अर्धाच राहतो.

दुसरीच्या प्रत्येक मुलाला अशी पाच-दहा मिनिटं एकट्याची लागणार आहेत. बसायचं कसं, दप्तर उघडायचं कसं, लघवीला जायचं तर विचारायचं कसं, सगळंच नव्याने. पालक एका वर्गाला एक शिक्षक मागताहेत ते यासाठी.

आजी बैठकीत येऊन बसतात. या पोरीचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले आहेत. "सोयाबीन सगळं पान्यात गेलं. मुकादमाची उचल घेतली अन् दोघंबी फडावर गेले. पोरगी मजपाशी ठिवली." सप्टेंबरच्या अतिवृष्टीने यंदा नांदेड जिल्ह्यातली उभी पिकं नेली. मुखेडच्या या बालाघाटी माळावरून, तांड्यांवरून टोळ्या दरवर्षीच जातात. आजींची मागणी हंगामी वसतिगृहाची आहे. त्यात मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची, अभ्यासाची सोय गावातच होते. "मला लिवाय-वाचाय येईना. सांजच्याला पोरगी काय इचारती ते मला उमगंना. कुणीतरी बसणारं पायजे तिच्यापाशी."

मग हात धुण्याचा विषय निघतो. ड्रम आहे, साबण आहे. ४१ मुलांच्या हातांवर दिवसातून तीनदा पाणी कोण ओतणार? मुलींचं शौचालय रोज कोण धुणार? या शाळेत शिपाई नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं मानधन महिना १,५०० रुपये, आणि सध्या खिचडीही शिजत नाही, शिधा घरी वाटला जातो. हायस्कूलमध्ये मुलं असलेले एक पालक तिथली गोष्ट सांगतात. तिथला शिपाई निवृत्त झाला, पद भरलं नाही. ती एकाच शाळेची गोष्ट नाही. अनुदानित खासगी शाळांतली चतुर्थ श्रेणीची पदं यापुढे भरायची नाहीत, त्याऐवजी ठोक शिपाई भत्ता द्यायचा, असा शासन निर्णय ११ डिसेंबर २०२० ला निघाला. ग्रामीण शाळेला हा भत्ता महिना ५,००० रुपये. शाळा सगळ्यांत स्वच्छ ठेवायच्या वर्षातच झाडणाऱ्या, धुणाऱ्या माणसाची जागा गेली.

"अन् आहेत त्या सरांना तरी इथं राहू द्या," एक आई मोठ्याने म्हणते. तिचं म्हणणं हेडमास्तरांना उद्देशून नाही, हे सगळ्यांना कळतं. पहिल्या लाटेत शिक्षक नाक्यांवर उभे होते, घरोघर ताप मोजत होते. आता लसीकरणाच्या याद्या, मतदार याद्या. देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर एप्रिलमध्ये कोरोनाने गेले, त्या जागेची पोटनिवडणूक ३० ऑक्टोबरला झाली, त्याचंही काम हेडमास्तरांना लागलं होतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण वगळून. महामारी ही आपत्तीच, त्यामुळे शिक्षकाला बाहेर काढणं कायद्यात बसतं. पण त्याच आपत्तीत शाळा उघडायची असेल, तर शिक्षकाची गरज वर्गात दुप्पट असते. दोनमधला एक गेला की अर्धी शाळा गेली.

प्रवासाचा मुद्दा नाजूक आहे. एसटीचा संप चालू आहे. म्याडम जीपमध्ये दाटीवाटीने येतात. चार गावची माणसं त्याच जीपमध्ये असतात आणि तिथून त्या थेट मुलांत येतात. जुलैमध्ये कोरोनामुक्त गावांतले वरचे वर्ग उघडताना शासनानेच म्हटलं होतं की शिक्षकांची राहायची सोय शक्यतो गावातच करा. पालक तेच म्हणतात. म्याडम दारातून उत्तर देतात, आवाज न चढवता. "राहते मी. माझं बाळ दोन वर्षांचं आहे. संडास असलेली खोली बघून द्या." क्षणभर कुणी बोलत नाही. मग बायकांतून एकजण म्हणते, "आमची माडीवरची खोली हाय, म्याडम. संडास खालीच हाय. बगा येऊन." गावातच राहायच्या नियमाच्या धाकाने इतकी वर्षं जे झालं नाही, ते इथे दोन वाक्यांत मार्गी लागतं.

लिंबाखाली एक तरुण बसला आहे. डी.एड. झालेला, डिसेंबर २०१७ ची शिक्षक अभियोग्यता चाचणी दिलेला. वित्त विभागाने ४ मे २०२० ला नवीन भरतीवर बंदी घातली, आरोग्य खात्याला तेवढी सूट दिली. तेव्हापासून तो शेतात आहे, आणि टाळेबंदीत रोज सकाळी मारुतीच्या पारावर मुलांना पाढे, वाचन शिकवत आला आहे. तिसऱ्या खोलीचं बोलणं निघाल्यापासून सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे जाताहेत. "मी येतो की, सर. फुकट येतो," तो म्हणतो. बायका खुलतात. बाक मोजणारा बाप मात्र मान हलवतो. "तू ये. पण फुकट नाई. आज फुकट आलास तर उद्या मनतील, भागायलंय की ह्यांचं."

मला हे बोलणं आजच्या बैठकीतलं सगळ्यांत शहाणं वाटतं. गावाच्या चांगुलपणावर शाळा चालली, तर तो चांगुलपणाच मंजूर पदाच्या आड येतो.

संमतीपत्रं वाटली जातात. माझ्या पाल्याला मी स्वेच्छेने पाठवत आहे, त्याची काळजी घेईन, असा मजकूर. काहींच्या सह्या होतात, आजींचा अंगठा उठतो. बाक मोजणारा बाप कागद हातात धरून उभा राहतो. "सर, ह्याच्यावर आमची सही. लेकरापाशी माणूस राहील, ह्याची सही कुणाची?"

हेडमास्तर उत्तर देत नाहीत. ते समितीचे सचिव आहेत. इतिवृत्ताची वही काढून अध्यक्षांपुढे ठेवतात आणि म्हणतात, "ठराव घ्या. मी लिहितो." मग एकेक ओळ सगळ्यांना वाचून दाखवत लिहिली जाते. सर्व मुलांना रोज शाळा मिळावी म्हणून तिसरा शिक्षक द्यावा, तोवर गावातल्या पात्रताधारक तरुणाला मानधनावर घ्यावं. शाळेच्या वेळेत दोन्ही शिक्षकांना बाहेरचं काम देऊ नये. स्वच्छतेसाठी आणि हात धुण्यासाठी मदतनीस नेमावी. हंगामी वसतिगृह याच महिन्यात सुरू करावं. म्याडमच्या खोलीची व्यवस्था गाव करेल. ठरावाखाली ज्यांनी संमतीपत्रावर सही केली, तेच सगळे पुन्हा सही करतात.

या मागण्यांत चैनीचं काही नाही. परिपत्रकातल्या अटी पाळायच्या तर एवढी माणसं लागतातच. सरकारने अटी घातल्या, पालकांनी त्या पाळायला कोण लागेल ते मोजून सांगितलं. ठरावाची प्रत उद्या सकाळी मुखेडला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे द्यायची ठरते. द्यायला हेडमास्तर जाणार नाहीत, त्यांनी वर्गावर राहायचं आहे. अध्यक्ष आणि दोन आया जातील, आणि पोच घेऊन येतील. पालकांनी आपली सही दिली आहे. आता तितकीच स्पष्ट, तारीख घातलेली सही त्यांना परत मिळाली पाहिजे.