गाठ दिसली म्हणजे हर्निया परत आला का?

हर्नियाचं ऑपरेशन झालं, टाके निघाले आणि त्याच जागी पुन्हा गाठ! अशा वेळी घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, "फुकट गेलं ऑपरेशन." आमच्या उमरठला (हो, तानाजी मालुसऱ्यांचंच) आजोबांच्या बाबतीत हेच झालं. दहाव्या दिवशी जांघेत लिंबाएवढी गाठ. शेजारच्या काकी म्हणाल्या शेक द्या, कुणी लेप सुचवला आणि आजोबा म्हणाले, "आता मेलो तरी पुन्हा कापून घेणार नाही."

कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. पण विषय आपल्याच सिग्नलच्या पेपरमधला आहे!

हर्नियाची पिशवी आत सारली की तिथे पोकळी राहते. तिच्यात पिवळसर पाणी साठतं, तो सिरोमा. तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप जिरतो. उगाच सुई टोचली तर जंतू आत जायची भीती. रक्त साठलं तर हिमॅटोमा, पू झाला तर गळू. हाताला हे सगळं साधारण सारखंच लागतं, उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा.

म्हणून सोनोग्राफी. आवाज शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. ४ सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला साधारण ५२ मायक्रोसेकंद लागतात. वेळ मोजली की खोली कळली. स्वच्छ पाण्यातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून सिरोमा पडद्यावर काळा दिसतो. रक्तात राखाडी ठिपके दिसतात. जाळी म्हणजे पांढरी नागमोडी रेघ. जांघ उथळ, म्हणून १० मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोब वापरतात: चित्र बारीक येतं, पण खोल पोचत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. महाडच्या डॉक्टरांनी आजोबांना खोकायला लावलं, कुंथायला लावलं, उभंही केलं. पोटातला दाब वाढला की परत आलेला हर्निया भोकातून बाहेर सरकताना चक्क लाइव्ह दिसतो. आजोबांच्या पडद्यावर पोटातून काहीच सरकलं नाही. नुसतं काळं पाणी! महिन्याभरात गाठ जिरली.

सोनोग्राफीचे हात टेकतात ते आतड्यातल्या हवेपुढे. आतडं अडकल्याची किंवा खोलवर पू झाल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन. तो बनवणारा हाउन्सफील्ड आपल्यासारखाच इंजिनीअर, १९७९ साली त्याला वैद्यकातलं नोबेल मिळालं! त्याच्या मापात पाणी ०, हवा उणे १०००, रक्ताची ताजी गुठळी ५० ते ७०. म्हणजे पाणी की रक्त, हे आकड्यावरूनच कळतं. गंमत म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची साधी जाळी सीटीवर बहुधा दिसतच नाही, सोनोग्राफीत दिसते.

ताप, लाली, वाढत जाणारं दुखणं, उलट्या किंवा पोट फुगणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि तपासणीला जाताना ऑपरेशनचा कागद न्या. जाळी कुठली आणि कोणत्या थरात बसवली, हे ठाऊक असेल तर बघणाऱ्याला पडद्यावर ती कुठे शोधायची ते कळतं.